वाचनालयातला प्रोजेक्टर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः जोडण्यांबद्दल

आमच्या वाचनालयाच्या सभागृहासाठी प्रोजेक्टर घेतला त्याला आता अकरा महिने झाले. ३६०० लुमेन (उजेडाचं माप), १२८० बाय ८०० पिक्सेल, दिव्यावर चालणारा, नावाजलेल्या कंपनीचा. शनिवारी मुलांसाठी माहितीपट, अधूनमधून व्याख्यान, महिन्यातून एक चित्रपट असा आमचा वापर आहे. दिव्याचे २४० तास झालेत. चित्र स्वच्छ आहे, दोन ट्यूबलाइट चालू ठेवल्या तरी शेवटच्या रांगेतून अक्षरं वाचता येतात. त्याबद्दल काही तक्रार नाही.

घेताना आम्ही सगळ्यांनी लुमेनचीच चौकशी केली. मागच्या बाजूला काय काय लावायची सोय आहे, हे कुणी विचारलं नाही. नंतर जेवढा वेळ आणि पैसा गेला, तो सगळा त्या मागच्या बाजूपायी. तुमच्या शाळेसाठी, मंडळासाठी किंवा वाचनालयासाठी प्रोजेक्टर घेणार असाल तर हे आधी वाचा, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला प्रश्न अंतराचा आला. प्रोजेक्टर छताला, लॅपटॉप व्यासपीठाजवळच्या टेबलावर, आणि पाइपातून वळसे घेत येणारी वायर भरली पंधरा मीटर. बाजारातून साधी पंधरा मीटरची एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून नेणारी) आणली. मेनू दिसला, स्थिर चित्र दिसलं, म्हणून आम्ही खूश. चित्रपट लावल्यावर पडद्यावर पांढरे ठिपके चमकायला लागले, मग दर पाच-दहा मिनिटांनी पडदा काळा आणि ‘सिग्नल नाही’. तांब्याच्या लांब तारेत सिग्नल क्षीण होतो. पाच मीटरपर्यंत साधी केबल बिनधास्त वापरा, दहाच्या पुढे तिच्या भरवशावर कार्यक्रम ठरवू नका. आम्ही शेवटी फायबरची, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या तंतूंची, एचडीएमआय केबल घेतली. ती एकाच दिशेनं चालते, हे मात्र वायरमनला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पूर्ण पाइपातून ओढून, क्लिपा ठोकून झाल्यावर पडदा कोराच राहिला. शिडीवर चढून पाहिलं तर प्रोजेक्टरच्या टोकावर बारीक अक्षरात ‘सोर्स’ लिहिलेलं. ते टोक लॅपटॉपकडे हवं होतं. सगळी केबल उलटी ओढायला अर्धा दिवस गेला. तेव्हा पाइपात घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून एकदा लावून बघा. फायबरची केबल घट्ट काटकोनात वाकवूही नका.

व्याख्यात्यांचे लॅपटॉप हा वेगळा विषय आहे. कुणाकडे फक्त व्हीजीए (जुनं, पंधरा पिनांचं तोंड) असतं, कुणाकडे फक्त टाइप-सी. व्हीजीए १९८७ सालचं आहे, तरी आमच्याकडे महाविद्यालयातून येणारे सर अजून तेच घेऊन येतात, म्हणून व्हीजीएची एक वायर कायम लावून ठेवलीय. एकदा त्यांची स्लाइड सगळी पिवळी दिसायला लागली, पांढरा कागदसुद्धा हळद लावल्यासारखा. प्रोजेक्टर बिघडला असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. वायर काढून उजेडात धरली तर पंधरा पिनांपैकी वरच्या रांगेतली तिसरी वाकली होती. ती निळ्या रंगाची. निळा गेला की पांढऱ्यातून पिवळा उरतो. बारीक चिमट्यानं सरळ केली, चित्र पूर्ववत. दोन्ही बाजूचे स्क्रू फिरवून घट्ट करायचा कंटाळा केला की पिना अशा वाकतात. शिवाय व्हीजीएतून आवाज येत नाही, त्याला वेगळी वायर लागते.

टाइप-सीचं भोक सारखं दिसलं तरी प्रत्येकातून चित्र बाहेर येत नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि बहुतेक साध्या फोनमध्ये ती सोय नसते, मग कितीही महाग कन्व्हर्टर लावा, पडदा निळाच राहतो. व्याख्यात्यांना मी आता दोन दिवस आधी फोन करून लॅपटॉपच्या कडेचा फोटो मागवते. आणि विंडोजचं बटण दाबून पी दाबायचं, म्हणजे चित्र प्रोजेक्टरवर पाठवायचा पर्याय येतो, हे टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय. निम्म्या वेळा अडचण तेवढीच असते.

आता आवाज. यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण प्रेक्षक चित्र थोडं फिकट असलं तर चालवून घेतात, संवाद कळला नाही तर उठून जातात. प्रोजेक्टरच्या पोटात दहा वॅटचा स्पीकर आहे. सभागृहावर पत्रे आहेत आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. जूनच्या दुसऱ्या शनिवारी पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला आणि तिसऱ्या रांगेच्या मागच्या मुलांना काही म्हणजे काही ऐकू येईना. तेव्हा सभागृहाच्या मिक्सरला (माइकचे वगैरे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणारं यंत्र) आवाज जोडायचं ठरवलं.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर मिक्सरला लावली. समुद्रावरचा माहितीपट होता. लाटा सुरेख ऐकू येत होत्या, पार्श्वसंगीत भरदार, आणि निवेदकाचा आवाज जवळजवळ गायब! फाइल खराब आहे असं समजून दुसरी लावली, तरी तेच. साउंडवाले काका आले, त्यांनी वायरीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, “ताई, ही स्टीरिओ पिन मोनोच्या भोकात घातलीत, आवाज आवाजाला खातोय.” मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड जोडणीचं असतं, ते दोन तारांमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. निवेदकाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे अगदी सारखा असतो, म्हणून वजाबाकीत तो शून्य होतो. संगीत दोन्हीकडे वेगवेगळं असतं, म्हणून ते उरतं. उपाय दीडशे रुपयांचा निघाला: एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पी-३८ (मिक्सरला लागणाऱ्या जाड) पिना, त्या दोन वेगळ्या चॅनेलच्या लाइन इनमध्ये. माइकच्या भोकात लावू नका, आवाज फाटतो.

त्यानंतर गुणगुण सुरू झाली. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून सलग ‘घूं’, काढला की शांत. लॅपटॉप एका भिंतीवरच्या बोर्डाला आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या, दोन्हीकडचं अर्थिंग थोडं वेगळं, आणि आवाजाच्या वायरीतून त्या दोन अर्थिंगमध्ये करंट फिरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेचाच तो सूर. लॅपटॉप, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतलं, गुणगुण बरीचशी गेली. उरलेली आवाजाच्या वायरीत छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगमधला तो करंट अडवणारी डबी) घातल्यावर थांबली. एका मदतनीसानं चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकायचं सुचवलं होतं. तसं कृपया कुणीही करू नका. सभागृहात मुलं असतात, ओल्या पायांनी वायरींवरून जातात.

टीव्हीची स्टिक आणि सेट-टॉप बॉक्स आम्ही एचडीएमआयनं जोडतो, त्यामुळे आवाज थेट छतावरच्या प्रोजेक्टरकडे जातो. टेबलावरच एक ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर ठेवलाय: चित्र पुढे प्रोजेक्टरला, आवाज मिक्सरला. तो लावल्यावर दोन दिवस आवाजच नव्हता. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी डॉल्बी निवडलेलं होतं, ते ‘पीसीएम’ (साधा डिजिटल आवाज) केल्यावर आला. कुठल्याही यंत्रातून चित्र येतंय आणि आवाज नाही, असं झालं तर आधी हे बघा.

ब्लूटूथ स्पीकरचा प्रयोग दोनदा केला आणि सोडून दिला. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. व्याख्यानातल्या छोट्या क्लिपला चालेल, गाण्याला अजिबात नाही. वायरीतून मात्र कधीकधी उलटं होतं: प्रोजेक्टर चित्राला किंचित वेळ घेतो आणि आवाज आधी पोचतो. व्हिडिओ लावायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘के’ (K) अक्षर दाबत गेलं की आवाज दर वेळी ५० मिलिसेकंद मागे सरकतो. आमच्याकडे दोनदा दाबावं लागतं.

ओटीटीचे चित्रपट फोनवरून लावायला लोक सुचवतात. पडदा काळा आणि नुसता आवाज, असं बहुधा होतं, कारण त्या चित्राला कॉपी-संरक्षण असतं. तसंही घरगुती वर्गणीवर सार्वजनिक खेळ करायची परवानगी नसते, म्हणून आम्ही परवानगी घेतलेलेच चित्रपट दाखवतो.

लाइट जाण्याची सोय पहिल्या दिवशी करा. दिवा तापलेला असताना पंखा अचानक थांबणं वाईट, म्हणून प्रोजेक्टरला स्वतंत्र यूपीएस दिलाय. प्रोजेक्टरची हवेची जाळी मी महिन्याला झाडते. पावसाळ्यात दमट हवेनं पिनांवर हिरवट थर येतो. सप्टेंबरमध्ये आवाज मधूनच तुटायला लागला तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना चार-पाच वेळा आत-बाहेर केल्या, सुधारला. आता तो डबा कपाटात चाव्यांशेजारीच ठेवलाय, आणि पुढच्या महिन्यात व्यासपीठाच्या कडेला भिंतीत एचडीएमआय, व्हीजीए आणि आवाजाची भोकं असलेली एक प्लेट बसवून घेणार आहोत, म्हणजे टेबलावरचा गुंता जाईल.