नोवाचमधले तीन मुक्काम : पाचातले चार तारे, एक गिझरने खाल्ला

आधी उच्चाराचं बघू. पाटीवर गावाच्या नावाच्या शेवटी 'इ' दिसते, पण ती ओठांतच राहते. मी मिनीबसच्या ड्रायव्हरला 'नोवाकी, नोवाकी' म्हणत राहिलो आणि तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. म्हणायचं 'नोवाच'. च चहातला.

रोमानियाच्या गोर्ज जिल्ह्यात, पारंग डोंगराच्या पायथ्याशी, गिलोर्त नदीकाठचं हे लहानसं शहर. बहुतेक लोक इथे थांबतच नाहीत. ट्रान्सअल्पिना हा डोंगरातला प्रसिद्ध रस्ता इथून वर चढतो, त्यामुळे मंडळी पेट्रोल भरतात आणि निघतात. मी तीन रात्री राहिलो. तेही रस्त्यासाठी नाही, नावासाठी.

मी भोसरीचा, टूलरूममधला माणूस. प्रेसचे डाय बसवायला आठ महिन्यांसाठी रोमानियातल्या क्रायोवा शहरात आलोय. फ्लॅट मिळाला तो 'ब्राझ्दा लुई नोवाक' नावाच्या वस्तीत. पहिले दोन आठवडे मला वाटलं, असेल कुणी नगरसेवक, आपल्याकडे वस्त्यांना नावं देतात तसं. मग कारखान्यातल्या एकाने अर्थ सांगितला. ब्राझ्दा म्हणजे नांगराचा तास. नोवाकचा तास! पारनेरच्या कोरडवाहू रानात तास धरत मोठा झालेला मी, आणि राहायला आलो तो चारमजली इमारतींच्या तासात.

हा तास खरोखरचा आहे, म्हणजे होता. डॅन्यूबकाठच्या हिनोवापासून निघून पूर्वेला सपाट मुलखातून दूरवर गेलेला मातीचा बांध आणि त्याला लागून खंदक. कुठे अजून दिसतो, कुठे शेतात मिसळून गेलाय. इतिहासकार त्याचा संबंध चौथ्या शतकाशी, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळाशी लावतात. लोकांचं म्हणणं वेगळं : नोवाक नावाचा एक अचाट ताकदीचा गडी होता, त्याने नांगर धरला आणि एका दमात हा तास ओढला. आपण नाही का, डोंगरात खड्डा दिसला की भीमाचा पाय म्हणतो.

तर या नोवाकच्या नावाशी जुळणारं गाव, नोवाच, तीन-साडेतीन तासांवर आहे म्हटल्यावर सप्टेंबरअखेरची जोडून सुट्टी बघून निघालो. क्रायोवा ते तारगू जिऊ रेल्वे, पुढे मिनीबस. तारगू जिऊला दोन तास मोकळे होते म्हणून शिल्पकार ब्रांकुशीचा 'अनंत स्तंभ' बघितला. १९३८ चा आहे, ओतीव लोखंडाचे एकसारखे मणके एकावर एक चढवलेत. ओतकामाच्या दृष्टीने बघितला तर हेवा वाटावा असा. याच ब्रांकुशीला इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी ध्यानमंदिर बांधायला बोलावलं होतं. तो इंदूरला जाऊनही आला, पण मंदिर काही झालं नाही. असो.

आता जागा. नाव देत नाही, कारण मालकीणबाईंनी दारावर पाटीच लावलेली नाही. दोनच खोल्या आहेत, त्यांना वाढवायच्या नाहीत. अशा घरांना इथे 'पेन्सिउने' म्हणतात. रस्त्यावर 'काझारे' असे बोर्ड दिसतात, ते म्हणजे राहण्याची सोय. मुख्य रस्ता सोडून आत शिरलात की विचारत विचारत अशी घरं सापडतात. लाकडी जिना, ओसरीवर वाळत घातलेल्या मिरच्या, अंगणात आलुबुखाराची झाडं आणि रात्रभर कशावर तरी भुंकणारा कुत्रा. खोली स्वच्छ. लोकरीचं पांघरूण इतकं जड की कूस बदलताना हमालाची गरज लागावी, पण पहाटेच्या थंडीत त्याचंच मोल कळतं. एका रात्रीचे १८० लेई (लेई म्हणजे इथलं चलन), सकाळ-संध्याकाळचं जेवण धरून. रोख. कार्ड दाखवलं तर बाई हसतात.

जेवणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारख्या माळकऱ्याला युरोपात पहिला प्रश्न तोच असतो. इथल्या घेवड्याच्या सूपमध्येसुद्धा धुरावलेलं डुकराचं मांस लपलेलं असतं. 'मांस नको' म्हटलं तर तुकडे बाजूला काढून वाटी परत समोर येते. त्यावर उपाय दोन शब्दांचा : 'दे पोस्त'. पोस्त म्हणजे उपास. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, शिवाय ईस्टरच्या आधी मोठा उपास असतो. त्यात मांस, अंडी, दूध, काही चालत नाही. त्यामुळे उपासाचं जेवण ही इथल्या प्रत्येक घरात आधीपासूनच असलेली गोष्ट आहे, तुमच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. घेवड्याची लसूण घालून घोटलेली भाजी, वरून तळलेला कांदा, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांची 'झाकुस्का' आणि मामालिगा.

मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. बाईंनी पातेलं लाकडी फळीवर उपडं केलं, पिवळाधमक घुमट डोलत उभा राहिला. मग सुरी नाही घेतली, शिवणाचा जाड दोरा घेतला. दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून दोरा घुमटाखाली सरकवला आणि खालून वर ओढला. गुळगुळीत काप पडला, दोऱ्याला एक कण चिकटला नाही. मी आयुष्यभर पोलादाची पाती घासून धार लावली, आणि इथे बाई एका दोऱ्यात काम उरकून मोकळ्या. घरी बायकोला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, ढोकळ्याला करून बघते.

पहिल्याच रात्री बाईंचे सासरे समोर येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर काळी लोकरी टोपी, हातात घरच्या आलुबुखाराच्या दारूची बाटली. त्सुइका. नाही म्हणणं हा अपमान असतो हे मला ठाऊक होतं. मी गळ्यातली माळ दाखवली आणि म्हटलं, पोस्त. म्हाताऱ्याने विचारलं, किती दिवस? मी सांगितलं, जन्मभर. त्याने छातीवर क्रूस काढला, माझा पेला स्वतः प्यायला आणि मला लिंडनच्या फुलांचा काढा मागवला. तिथून आमची गट्टी जमली. बाईंचा मुलगा काही वर्षं आयर्लंडमध्ये कामाला होता, त्याच्या इंग्रजीवर आमचं बोलणं चालायचं.

मी विचारलं, गावाला हे नाव कशावरून? म्हातारा म्हणाला, नोवाक म्हणजे नवा माणूस, नव्याने येऊन राहिलेला. शब्द मूळचा स्लाव लोकांचा. त्यांचा 'नोव', लॅटिनचा 'नोवुस' आणि आपला 'नव' एकाच घराण्यातले. चेक लोकांत आणि स्लोव्हेनियात सर्वांत जास्त आढळणारं आडनाव हेच. टेनिसवाल्या जोकोविचचं पाळण्यातलं नावही हेच. म्हणजे अर्ध्या युरोपात कधी ना कधी कुणीतरी नव्याने येऊन राहिलं, आणि गावाने त्याला ज्या नावाने हाक मारायला सुरुवात केली ते नाव त्याच्या नातवा-पणतवांनाही सुटलं नाही.

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे मिरासदार आणि उपरी असा भेद होता. वतनाची जमीन असलेला मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा उपरी. माझे पणजोबा प्लेगच्या साली आमच्या गावात आले. आज तिथे आमची पाचवी पिढी आहे, आणि अजून आमच्या घराला 'नव्याचं घर' म्हणतात. हे सांगितल्यावर म्हातारा गुडघ्यावर थाप मारून हसला. म्हणाला, इथे तर गावच दोन होती. एक नोवाच-रोमुनी, म्हणजे रोमानियन नोवाच. दुसरं नोवाच-स्त्राइनी, म्हणजे परक्यांचं नोवाच. डोंगरापलीकडून, ट्रान्सिल्व्हेनियातून मेंढरं घेऊन आलेले धनगर ते परके. नव्यांच्या गावात आणखी नवे! मेंढरं अजून आहेत. मे महिन्याच्या शेवटी कळप वर चढवतात तेव्हा इथे मोठी जत्रा भरते. मी चुकीच्या महिन्यात गेलो, तुम्ही जाऊ नका.

मग विषय निघाला बाबा नोवाकचा. मी 'बाबा' ऐकून आदराने मान हलवली, तर मुलगा हसायला लागला. रोमानियन भाषेत 'बाबा' म्हणजे म्हातारी. हा सर्बियातला बंडखोर. तुर्कांनी कैदेत त्याचे दात पाडले आणि तोंड बोळकं झालं म्हणून म्हातारी म्हणू लागले, असं एक सांगणं आहे. सर्ब लोक त्याला 'स्तारिना नोवाक' म्हणतात. स्तारिना म्हणजे म्हातारबुवा. थोडक्यात, म्हातारा नवखा! त्यांच्या गाण्यांत तो सांगतो की स्मेदेरेवोच्या किल्ल्यावर राणी येरिनाने तीन वर्षं वेठीला धरलं, आणि तीन वर्षांत पायात घालायला वहाणसुद्धा मिळाली नाही. वरून कर. म्हणून गेला डोंगरात. किल्ला उठला पंधराव्या शतकात आणि इतिहासातला बाबा नोवाक सोळाव्यातला, पण पोवाड्याला तारखांचा हिशोब कुणी मागत नाही.

इतिहासातला नोवाक मिहाई वितेआझुल या रोमानियन राजाच्या फौजेत सेनापती होता, तुर्कांविरुद्ध लढला. शेवटी पकडून क्लुजला नेला आणि ५ फेब्रुवारी १६०१ रोजी हालहाल करून जिवंत भाजला. म्हातारा हे सांगताना पेला खाली ठेवून बसला होता. मला तुळापूर आठवलं, पण ते सांगायला माझ्याकडे इंग्रजी पुरेसं नव्हतं आणि मुलाकडेही नव्हतं. क्लुजला शिंप्यांच्या बुरुजाजवळ त्याचा पुतळा आहे, पुढच्या सुट्टीत जाणार. तिथे ग्रुया नावाचीही वस्ती आहे, आणि गाण्यांतल्या नोवाकच्या मुलाचं नाव ग्रुया. त्सारिग्रादला, म्हणजे इस्तंबूलला, कैदेत पडलेला हा पोरगा आणि त्याला सोडवायला निघालेला बाप, ही गोष्ट म्हाताऱ्याने दोन रात्री पुरवली. अर्धी गाऊन. आवाज फाटका, पण सुटलेला नाही.

आता तक्रारी. पहिली गिझरची. बाथरूम दोन खोल्यांत मिळून एक आणि टाकी जेमतेम एका अंघोळीची. शेजारच्या खोलीत मोटरसायकलवरून आलेलं जोडपं होतं. त्यांची अंघोळ झाली की मला गिलोर्त नदीच अंगावर घेतल्यासारखं व्हायचं. सांगितलं तर बाई म्हणाल्या, लवकर उठा. मी पाचला उठलो, तर पाणी तापलेलंच नव्हतं. एक तारा तिथे गेला. दुसरी तक्रार वायफायची. ते फक्त जिन्याच्या चौथ्या पायरीवर येतं. तिथे बसून घरी फोन केला की पूर्ण घराला तुमचा संसार ऐकू जातो. यासाठी तारा कापत नाही, मराठी कुणाला कळत नव्हतं. कुत्र्याबद्दल आधी लिहिलंच आहे.

ट्रान्सअल्पिनाला मुलाने गाडीने नेलं, पेट्रोलचे पैसे तेवढे घेतले. रांका ओलांडून उर्देलेच्या खिंडीपर्यंत, २१४५ मीटर. वर गेल्यावर धुकं. आम्ही दोघांनी धुक्याचे फोटो काढले. ज्यांना तो रस्ता बघायचा आहे त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये यावं. हिवाळ्यात तो बंदच असतो.

निघायच्या दिवशी रविवार. रविवारी मिनीबस कमी असतात, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावर दोन तास उभा होतो. म्हातारा काठी टेकत सोबतीला आला. जाणाऱ्या-येणाऱ्या ओळखीच्यांनी माझ्याकडे बोट करून काही विचारलं की तो दोन शब्दांत उत्तर द्यायचा. 'आल नोऊ.' मुलाला विचारलं, काय सांगतायत? तो म्हणाला, 'तो नवीन' म्हणतायत.

जायचं असेल तर दोन जणांनी जा, तिसऱ्याला पाणी पुरणार नाही. शुक्रवारी पोचा म्हणजे पहिलं जेवण आपोआप पोस्तचं मिळेल. सुटे लेई ठेवा. म्हाताऱ्याला दारू नेऊ नका, त्याची स्वतःची असते. मी पुढच्या वेळी जाताना गिझरसाठी थर्मोस्टॅट नेणार आहे. झाकण उघडून बघून ठेवलंय, दहा मिनिटांचं काम आहे.