हेलिओव्ह्यूअर: अडीच वर्षं वापरतोय, मनापासून सांगतो

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चॅनेलवर मोठ्या अक्षरात बातमी झळकली, सूर्याचा तुकडा तुटला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात पोरांनी मला घेरलं, सर आता काय होणार. मी विज्ञान शिकवतो, मला उत्तर द्यायला हवं होतं, पण माझ्याकडे पण तोच दहा सेकंदाचा व्हिडिओ होता जो त्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरत होता. त्या रात्री शोधता शोधता हेलिओव्ह्यूअर डॉट ओआरजी ही साईट सापडली आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचा टॅब बंद झालेला नाही.

साईट काय आहे ते आधी सांगतो. नासा आणि युरोपियन स्पेस एजन्सी या दोघांच्या पाठिंब्यावर चालते, पूर्ण फुकट, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. सोहो, एसडीओ, स्टिरिओ अशा अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेले सूर्याचे फोटो तिथे तारीख-वेळेनुसार लावून ठेवलेत, तुम्ही तारीख टाकायची, कुठल्या दुर्बिणीचा कुठला फिल्टर ते निवडायचं आणि माऊसने झूम करत जायचं, बस. मी त्या रात्री २ फेब्रुवारी २०२३ टाकलं, एसडीओचा ३०४ वाला लाल फिल्टर लावला आणि उत्तर ध्रुवावर झूम केलं. प्रॉमिनन्स दिसला, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने सूर्याच्या कडेवर लटकलेला तप्त वायूचा पडदा, त्याचा एक भाग सुटला आणि ध्रुवाभोवती भोवऱ्यासारखा फिरत गेला. सूर्य जागच्या जागी, अख्खा. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रोजेक्टरवर तेच दाखवलं, एक एक फ्रेम पुढे नेत, आणि पोरं इतकी गप्प बसली होती की पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

कोपऱ्यात मापासाठी पृथ्वीचं छोटंसं चित्र असतं, वर्गात सगळ्यात जास्त काम तेच करतं. पुस्तकात १०९ पृथ्व्या शेजारी शेजारी ठेवल्या की सूर्याचा व्यास होतो असं लिहिलेलं असतं, पोरं पाठ करतात आणि विसरतात, पण त्या ज्वाळेशेजारी ते वाटाण्याएवढं चित्र बघितलं की परत सांगावं लागत नाही.

आता फिल्टरबद्दल, कारण नवीन माणूस इथेच अडकतो. एसडीओ ही दुर्बीण ११ फेब्रुवारी २०१० ला सोडली, तिच्यावरचा एआयए नावाचा कॅमेरा संच दर १२ सेकंदाला ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचे फोटो काढतो, तेही दहा वेगवेगळ्या तरंगलांबींत. हेलिओव्ह्यूअरवर त्यातले सगळे येत नाहीत पण आपल्याला पुरून उरतील इतके येतात. बहुतेक फिल्टर अतिनील किरणांचे आहेत, ते किरण आपलं वातावरण अडवतं म्हणून दुर्बीण वरच न्यावी लागते. सोनेरी, लाल, निळा हे रंग ओळखायला सोपं जावं म्हणून दिलेत, डोळ्याला सूर्य तसा दिसणार नाही हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. फिल्टरचा आकडा म्हणजे त्याची तरंगलांबी, ३०४ म्हणजे साधारण ५० हजार अंशाचा थर, १७१ म्हणजे सहा-सात लाख अंशाचा, यात चुंबकीय कमानी इतक्या बारीक दिसतात की केस विंचरल्यासारख्या वाटतात, आणि १३१ लावला की एक कोटी अंशाच्या आसपासचा वायू दिसतो, म्हणजे सौरज्वाला (सूर्यावरचा प्रखर स्फोट) पकडायची असेल तर हाच. एकाच क्षणाचे हे तीन फिल्टर एकामागोमाग लावून बघा, तोच सौरडाग प्रत्येक वेळी निराळा दिसतो, कारण आपण सूर्याच्या वातावरणाच्या निराळ्या मजल्यावर बघत असतो.

एक उदाहरण देतो, स्वतः करून बघा. ३ ऑक्टोबर २०२४, वेळ १२:१८, फिल्टर १३१. हा एक्स ९.० चा स्फोट, एक्स म्हणजे सौरज्वालांचा सगळ्यात जोरदार वर्ग. पण लक्षात ठेवा, साईटवरची वेळ यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली त्यात साडेपाच तास मिळवून, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५:४८ झाले होते, हे माहीत नसेल तर भलत्याच वेळचा सूर्य बघत बसाल. स्फोटाच्या जागी पांढरा भपका आणि त्यातून तिरप्या रेघांची फुली निघालेली दिसेल. ती फुली सूर्यावर नाही! कॅमेऱ्यापुढच्या फिल्टरला आधार द्यायला बारीक जाळी असते, तिच्यामुळे प्रखर प्रकाश असा पसरतो. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, सर हे खरं आहे का मशिनचं आहे, आणि मला वाटतं या साईटने वर्गाला दिलेला सगळ्यात मोठा प्रश्न हाच.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही फ्रेममध्ये सूर्य अर्धा कापल्यासारखा किंवा पूर्ण काळा दिसेल, तेव्हा घाबरू नका. एसडीओ पृथ्वीभोवती फिरते आणि वर्षातून दोनदा, साधारण तीन-तीन आठवडे, रोज थोडा वेळ पृथ्वी तिच्या आणि सूर्याच्या मधे येते. तसंच नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी स्टॅनफर्डला जिथे एसडीओचा डेटा ठेवतात तिथल्या सर्व्हर रूममध्ये पाण्याचा पाईप फुटून पाणी शिरलं होतं आणि काम बराच काळ विस्कळीत झालं. १५ वर्षांचा डेटा सांभाळणं ही केवढी जबाबदारी आहे ते मला तेव्हा कळलं.

सोहो तर त्याहून जुनी, २ डिसेंबर १९९५ ची, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर एल-१ बिंदूपाशी, म्हणजे पृथ्वी आणि सूर्याच्या मधल्या अशा जागी जिथून सूर्य सतत दिसतो. तिचा लॅस्को कॅमेरा मधे तबकडी धरून सूर्य झाकतो, म्हणजे कायमचं खग्रास ग्रहण, आणि बाहेरचा प्रभामंडल दाखवतो. सी-३ लेयर लावा आणि २३ मे २०२४ उघडा. गुरू आणि शुक्र सूर्याच्या उजवीकडे अगदी शेजारी शेजारी, आणि वरच्या बाजूला कृत्तिकेचा पुंजका! त्या वर्षी मे महिन्यात गुरू-शुक्राचा अस्त म्हणून लग्नाचे मुहूर्त नव्हते, घरोघरी त्याचीच चर्चा होती, आणि पंचांगात सूर्य कृत्तिका नक्षत्रात लिहिलेला होता. अस्त म्हणजे काय ते मी आईला या स्क्रीनवर दाखवलं. ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, म्हणजे आहेत तिथेच, आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

आपल्या इस्रोच्या आदित्य एल-१ या सूर्य बघणाऱ्या यानाबद्दल वर्गात हमखास विचारतात. त्यावरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलीय, २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये सूर्याची अख्खी तबकडी बघते, आणि २२ फेब्रुवारी २०२४ चा एक्स ६.३ स्फोट तिने पकडला. तिचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो, पण तिथे नोंदणी करायची, फिट्स फाईल (खगोलशास्त्राच्या फोटोंची खास फाईल) उतरवायची, ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर, म्हणजे ते काम कॉलेजच्या पोरांनी करावं आणि जरूर करावं. शाळेसाठी हेलिओव्ह्यूअरच बरं.

इंटरफेस इंग्रजीत आहे आणि फिल्टरची नावं नुसते आकडे, त्यामुळे पहिले दोन दिवस कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. फोनवर बघू नका, लॅपटॉप नाहीतर शाळेचा प्रोजेक्टर घ्या, बारीक रेघा फोनवर हरवतात. मूव्ही बनवायची सोय आहे, पण वर्गासाठी आदल्या रात्रीच बनवून डाउनलोड करून ठेवा, खेडेगावातल्या नेटवर भर तासाला अवलंबून राहायचं नाही.

मे २०२४ चं ते मोठं सौरवादळ आलं तेव्हा भाची सुट्टीला आमच्याकडे होती, सातवीतली. ३६६४ नंबरचा डाग, रुंदी जवळजवळ १५ पृथ्व्यांची. ९ तारखेला आम्ही लॅस्कोवर बघितलं, तबकडीभोवती चहूबाजूंनी धुरासारखं वलय, म्हणजे सूर्याने बाहेर फेकलेला वायू, पसरत होतं, आणि वलय असं गोल दिसलं तर ते आपल्या रोखाने येत असू शकतं हे तिला समजावलं. १० च्या रात्री साडेदहाच्या सुमारास वादळ पृथ्वीवर धडकलं, ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं जी-५, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं, लडाखच्या हान्ले इथून लाल आकाशाचे फोटो आले तेव्हा तिने मला सकाळी हलवून उठवलं. मग रोज चहाच्या वेळी ती स्वतः साईट उघडायची, डाग उजव्या कडेकडे सरकत गेला, १४ तारखेला अगदी कडेवर पोचल्यावर एक्स ८.७ चा स्फोट झाला, आणि नंतर तो मागे गेला. मामा, गेला कुठे? मी म्हटलं सूर्य फिरतोय, दोन आठवडे थांब. तिने कॅलेंडरवर पेनाने गोल केला. २७ तारखेपासून डावी कड बघत बसली, कड उजळली, मग डाग वर आला, आता नंबर ३६९७. ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, नंबर बदलला तरी हा आपलाच आहे.