चपडा पॉलिश घरी केलं, त्याला दहा महिने झाले

आजोबांचं लिहायचं टेबल सागवानी आहे, 1962 सालचं. पुण्यात माझ्याकडे आलं तेव्हा वरच्या फळीवर चहाच्या कपांची आठ पांढरी वर्तुळं होती, एका कोपऱ्यात कुंडीच्या लोखंडी स्टँडचा काळा डाग होता, आणि पुढच्या कडेला, जिथे त्यांचं मनगट टेकायचं, तिथलं पॉलिश झिजून लाकूड उघडं पडलं होतं. पॉलिशवाल्या कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, सगळं घासून काढू, मेलामाइन मारू (हे कडक, चकचकीत रासायनिक पॉलिश), नवंकोरं दिसेल. मला नवंकोरं नकोच होतं. ती झिजलेली कड तशीच राहायला हवी होती.

म्हणून जानेवारीत स्वतःच हात घातला. आधी पॉलिश कोणतं ते ओळखायचं. पायाच्या मागच्या बाजूला स्पिरिटचा, म्हणजे पॉलिशवाले वापरतात त्या अल्कोहोलचा, एक थेंब टाकला, मिनिटभरात ती जागा चिकट झाली. म्हणजे चपडा, लाखेचं जुनं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करायचं द्रावक) विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही, तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि मग माझा पुढचा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही.

चपड्याची खरी खुबी अशी की नवा हात, म्हणजे नवा थर, जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. त्यामुळे जुनं खरवडायची गरजच पडत नाही. पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेली ओल, ती लाकडापर्यंत गेलेली नसते. मलमलीच्या घडीवर स्पिरिटचे चार थेंब घेतले, हाताला जेमतेम गार लागतील इतकेच, आणि हलक्या हाताने फिरवत राहिलो. फडकं एका जागी थांबलं की चिकटतं आणि पॉलिश ओरबाडलं जातं. माझ्याकडून एकदा तसं झालं, त्याची खूण अजून आहे. आठपैकी सहा वर्तुळं पहिल्याच दिवशी गेली, उरलेली दोन आठवड्याभराने.

काळा डाग वेगळा. तिथे पाणी, लोखंड आणि सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) एकत्र आलं होतं आणि रंग लाकडात उतरला होता. तेवढ्या भागाचं पॉलिश काढून कोमट पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावलं, मग स्वच्छ पाण्याने तीनदा पुसून दोन दिवस वाळू दिलं. हे विषारी आहे. हातमोजे घाला, वाळल्यावर ती जागा कोरडी घासू नका, धूळ नाकात जाते. डाग नव्वद टक्के गेला, पण तो तुकडा बाकीच्या फळीपेक्षा उजळ पडला.

मग पॉलिश. 100 ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवला आणि कापडातून गाळला. काचेच्या बाटलीतच ठेवा, लोखंडी डब्यात तो काळा पडतो. कापसाचा बोळा मलमलीत बांधून झिजलेल्या कडेला पातळ सात हात दिले, वरच्या फळीला तीन. स्पिरिट पटकन पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि देवघरातली समई त्या दिवशी काम संपल्यावरच लावली.

फेब्रुवारी ते मे टेबल डोळ्यांत भरावं असं होतं. जुलैत मात्र माझी चूक झाली. एक ओरखडा दिसला म्हणून भर पावसात हात दिला आणि ती जागा दुधासारखी पांढरट झाली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प ताज्या थरात धरलं जातं. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर ते निघालं. तरी आमच्याकडे जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट बाटलीची. जानेवारीत कालवलेलं पॉलिश ऑक्टोबरमध्ये काचेवर लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होतं. जुनं द्रावण नीट वाळत नाही. आता मी दोन महिन्यांपुरतंच कालवतो, उरलेला चपडा कोरड्या बरणीत ठेवतो.

टिकाऊपणाबद्दल. लिहिणं, वाचणं, लॅपटॉप याला दहा महिन्यांत काहीही झालं नाही. गरम कप थेट ठेवला तर वर्तुळ उठतंच, दोनदा उठलं, दोन्ही वेळा पाच मिनिटांत काढलं. पण गरम पातेली येतात त्या जेवणाच्या टेबलाला मी चपडा लावणार नाही. सॅनिटायझरची बाटलीही या टेबलापासून लांब ठेवा, त्यात अल्कोहोल असतं, एक थेंब पुरतो.

कोपऱ्यातला उजळ तुकडा मी तसाच ठेवला आहे. बाजारात रंग मिळतात, पण उन्हाने आणि वयाने सागाला येणारा तपकिरी रंग मला त्यात दिसला नाही. तिथे आता आजोबांची दौत ठेवतो, खाली फेल्टचा तुकडा घालून.