गोल डोक्याचा ब्रश की सोनिक? नऊ महिने वापरल्यावर

खालच्या पटाशीच्या दातांना आतून माझं कीटण फार लवकर साचतं. मागच्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी दातांवर उरलेला थर दाखवणारा गुलाबी रंग लावून आरसा हातात दिला. सकाळीच साध्या ब्रशने घासून गेले होते, तरी हिरडीच्या कडेने सलग गुलाबी रेघ! त्याच आठवड्यात इलेक्ट्रिक ब्रश आणला.

पहिले पाच महिने गोल डोक्याचा. हे डोकं पूर्ण गोल फिरत नाही, थोडं वळून उलटं येतं, मिनिटाला हजारो वेळा. ते एका दातावर टेकवायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढचा दात. हे थांबणंच मला जमेना. लहानपणापासून खसाखसा घासायची सवय. हात आपोआप पुढे-मागे जायचा आणि जोर पडला की ब्रशवरचा लाल दिवा लागायचा. पंधरा-वीस दिवसांनी दिवा लागेनासा झाला, पुढे रक्तही थांबलं. शेवटच्या दाढेच्या मागे हा ब्रश जातो तसा दुसरा कुठलाच जात नाही.

मग चार महिने सोनिक. डोकं नेहमीच्या ब्रशसारखं लांबट. केस जागच्या जागी थरथरतात, मिनिटाला सुमारे ३१ हजार हालचाली. हिरडीशी ४५ अंशांत तिरका धरून सावकाश सरकवायचा, घासायचं नाही. पहिला आठवडा नाकापर्यंत गुदगुल्या होतात, नंतर सवय होते. आवाज कमी आणि हिरड्यांना हा जास्त सोसतो. फेस फटींत शिरतो हे खरं, पण तेवढ्याने फटी साफ होत नाहीत. दोन्ही ब्रशांबरोबर मला फटींसाठीचा बारीक ब्रश लागलाच.

डॉक्टरांनी पुन्हा रंग लावला. गोल ब्रशनंतर गुलाबी फक्त पटाशीच्या दोन दातांच्या फटीत, सोनिकनंतर शेवटच्या दाढेमागेही थोडं. माझ्या तोंडात गोल जिंकला. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यातही तीन महिन्यांपुढे साध्या ब्रशपेक्षा विजेच्या ब्रशने दातांवरचा थर २१ टक्के कमी दिसला होता, आणि त्यातला सर्वांत जास्त पुरावा गोल डोक्यांचाच होता. पण हिरड्या खाली सरकलेल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रवासासाठी बॅटरीच्या सेलवर चालणारा स्वस्त ब्रशही घेतला होता. तो नुसता घूं घूं करतो, घासायचं काम हातालाच करावं लागतं. घेऊ नका.

एक त्रास दोन्हींत आहे. डोकं जिथे बसतं त्या मानेत काळपट बुळबुळीत घाण जमते, आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार वेगळाच. दर रविवारी डोकं उपसून धुतेच.

गोल ब्रश आता आईकडे आहे, नव्या डोक्यासह. संधिवाताने तिची बोटं वळत नाहीत, बारीक दांडी निसटायची. ही जाड दांडी मुठीत बसते. तीस-तीस सेकंदांनी तो थरथरला की ती बाजू बदलते, आणि दोन मिनिटं होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. तिच्या ब्रशच्या डोक्याचे निळे केस फिकट झालेत, तीन महिने झाले. या आठवड्यात नवं आणायचंय.