'सातारा' लिहिलं की एकच टवका तीनदा: झिजक्या फॉन्टबरोबरचे सात महिने

कबड्डीच्या मैदानावर २० बाय १० फुटांचा फ्लेक्स चढला आणि संयोजकांचा नववीतला पोरगा खालून ओरडला, "काका, उंदरानं तिन्ही कान्यांना एकाच जागी कुरतडलंय!" शब्द होता 'सातारा'. त्या मापाला प्रत्येक टवका पुरीएवढा दिसत होता. उजव्या कडेला, शिरोरेषेपासून थोडा खाली, तीनदा, तंतोतंत. सात महिने हा फॉन्ट वापरून मला जे दिसलं नव्हतं, ते त्या दिवसापासून दिसायचं थांबत नाही.

नाव घेत नाही, कारण विकणाऱ्यांशी भांडण अजून मिटलेलं नाही. जाड, खरबडलेला, जुन्या लाकडी ठशांच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट. एका संगणकाच्या परवान्याला १,८०० रुपये मोजले. नमुन्याची पानं बघून भुललो, आणि त्या पानांवर एकाही शब्दात दोन काने नव्हते हे आता कळतंय.

गोम अशी की टाइप करताना फॉन्ट कान्याचं एकच चित्र लावतो. आ, ओ, औ आणि त्यांच्या मात्राही त्याच कान्याला जोडून बनवलेल्या. म्हणजे टवका सगळीकडे तोच. एखादं जोडाक्षर दोनदा आलं तर खपून जातं. काना म्हणजे नुसती उभी काठी, तिच्यावर डोळ्याला धरायला दुसरं काही नसतं, आणि मराठीत तो पावलोपावली येतो. आमच्या जिल्ह्यातले अकरा तालुके मी एका रात्री टाइप करून पाहिले. (हो, एवढा वेळ घालवला.) फलटण निर्दोष, कानाच नाही. वाई, कराड, माण, खटाव, पाटण, जावळी, महाबळेश्वर एकेका टवक्यावर सुटले. खंडाळ्याला दोन, कोरेगावलाही दोन. आणि जिल्ह्याच्या गावाला तीन.

आमच्या चुलत्यांचा ट्रेडल छापखाना होता. केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, कान्याचे खिळे (छपाईचे सुटे ठसे) मूठभर असायचे. एक पडून ठेचलेला, एकाची कड गेलेली, एक जेमतेम शाई धरणारा. खिळे जुळवणारा जुळारी हाताला येईल तो उचलायचा. तिथं 'सातारा' छापला तर तीन काने तीन तऱ्हेचे निघायचे. झीज ही अशी असते. इथं मी १,८०० रुपये देऊन एक जखम घेतली आणि तिचे शिक्के मारतोय.

एक तक्रार मात्र मागे घेतो. पहिल्या महिन्यात मला शिरोरेषेतल्या फटी खटकायच्या, प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर केसाएवढी चीर. पुढे चुलत्यांच्या ट्रंकेतली जत्रेची एक जाहिरात हाती लागली आणि तिच्यातही अगदी तशाच चिरा होत्या. खिळ्याला खिळा लावून उभा केला की सांधा दिसणारच. ज्यानं फॉन्ट काढला त्यानं हे नीट पाहिलंय.

पण शिरोरेषा कुठे तुटावी याचं भान त्याला सगळीकडे राहिलेलं नाही. घ च्या डोक्यावरचा डावा भाग असा खाल्लाय की लहान मापात ध वाटतो. एका किराणावाल्याच्या हँडबिलावर 'घरपोच सेवा' लोकांनी 'धरपोच' वाचली. तो हसला म्हणून निभावलं. ४० पॉइंटच्या खाली वापरू नका.

रेडियमसाठी तर नावच काढू नका. टेम्पोच्या काचेवर एक नाव हवं होतं. प्लॉटरनं कडांचे शेकडो बारके तुकडे कापले आणि सोलता सोलता रेडियमवाल्याचा संयम सुटला. दुप्पट पैसे घेतले, बरोबरच घेतले. टी-शर्टवर मात्र हाच फॉन्ट सोन्यासारखा. एका रंगाच्या स्क्रीन प्रिंटिंगनं ६० शर्ट काढले, काही ठिकाणी शाई कमी बसली, कोणाला पत्ता लागला नाही. एकही परत आला नाही.

कान्याबद्दल मेल टाकला तर उत्तर आलं, झीज हा डिझाइनचा भाग आहे. मी जरा कडक लिहिलं. चौथ्या दिवशी कोणा जाणकाराचं उत्तर: कान्याचे आणखी दोन नमुने फॉन्टमध्ये आहेत, स्टायलिस्टिक सेट (फॉन्टमधली पर्यायी अक्षरं) १ आणि २. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते निघाले! नुसता काना पकडता येत नाही, 'ता' अख्खं निवडून सेट लावायचा. पहिल्या दिवशी एक ओळ लिहून दिली असती तर माझा फ्लेक्स वाचला असता. आपोआप आलटूनपालटून लागायची सोय आजही नाही.

वर्षातून दोनच कामं असतील तर हा घेऊ नका. गूगल फॉन्ट्सवर खंड किंवा मोदक फुकट आहेत, धंद्यालाही चालतात. सिमेंटच्या फरशीचा फोटो काळापांढरा करून त्यांच्यावर मास्क (अक्षराचा काही भाग लपवणारा थर) म्हणून लावा. अख्ख्या शब्दावर एकच पोत पसरतो, त्यामुळे टवका पुन्हा येतच नाही. वीस मिनिटं जातात. मी रोज तीन-चार पोस्टर काढतो म्हणून मला हा परवडतो.

आता तीन नमुन्यांत 'सातारा' बरोबर बसतो. परवा 'सातारा जिल्हा' लिहायला आलं आणि चौथा काना उभा राहिला. आउटलाइन करून, म्हणजे अक्षराचं चित्र बनवून, पेन टूलनं त्याचा टवका बुजवला, खाली दुसरा पाडला. बिलात त्याचे पन्नास रुपये वेगळे लावलेत.