"हा बॉयलर आता बेकायदेशीर आहे" असं सांगून आम्हाला गंडवलं

जानेवारीतली रात्र, बाहेर उणे तीन, सांगलीहून सासूबाई आलेल्या, आणि इंग्लंडमधल्या स्लाउ गावातल्या आमच्या घरातला, घर तापवणारा गॅसचा बॉयलर बंद. पायलटची, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत पेटायची, बटण सोडलं की विझायची. एवढाच बिघाड. सकाळी आलेल्या माणसाने झाकण उघडलं आणि म्हणाला, "असले जुने बॉयलर आता बेकायदेशीर आहेत. नवा कॉम्बी बसवा, बिल निम्मं होईल." (कॉम्बी म्हणजे घर तापवणारा आणि टाकीशिवाय नळाला गरम पाणीही देणारा बॉयलर.) सासूबाई दोन स्वेटर घालून रजईत कुडकुडत होत्या. आम्ही २,९०० पौंड मोजले, तेही रोख.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर बसवायचा तर, मोजके अपवाद सोडता, तो कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातली उष्णताही वापरणारा, लागतो. आधीपासून असलेला वापरायला किंवा दुरुस्त करायला बंदी नाही. बटण सोडताच पायलट विझणं हे तर ज्योत पेटली आहे हे ओळखणारं थर्मोकपल गेल्याचं नेहमीचं लक्षण. तो छोटासा, स्वस्त सुटा भाग असतो. हे मला नंतर कळलं, म्हणून जीव तुटतो.

बिलाचा हिशोबही खोटाच. जुना बॉयलर गॅसमधली ७५ टक्के उष्णता घराला देत असेल आणि नवा ९०, तर १०० पौंडांचा गॅस ८३ वर येईल. निम्मा कसा होईल? तेही खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तर. तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता हाती लागते. आमच्याकडे त्याने पाणी ८० अंशांवर लावून ठेवलं होतं.

वाफेचं ते पाणी बाहेर सोडणारी नळीही त्याने बारीक आणि उघडीच ठेवली. पुढच्या थंडीत ती गोठली, बॉयलर गुडगुड करून बंद पडला. बॉयलरच्या कंपनीने वॉरंटीसाठी बसवल्याची नोंद आणि प्रमाणपत्र मागितलं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं, बसवणाऱ्याचा फोन लागेना. बिलावरचा गॅस सेफ (गॅसची कामं करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी ठेवणारी संस्था) क्रमांक त्या संस्थेच्या साइटवर टाकला, तर तो भलत्याच कुणाचा निघाला. पैसे देण्याआधी हे बघायला दोन मिनिटंही लागली नसती. गॅस सेफच्या ओळखपत्रावर त्या माणसाचा फोटो असतो, आणि कोणती कामं करायची परवानगी आहे ते मागच्या बाजूला छापलेलं असतं. ते नक्की उलटून बघा.

तक्रार केली आहे. जुना बॉयलर दाखवायला मात्र आमच्याकडे नाही, जाताना त्यानेच तो व्हॅनमध्ये घालून नेला.