मोकाट कुत्रं अंगावर आलं तर हातात काय असावं: छत्री, डंडा, खाऊ की स्प्रे?

आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर भागात ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्या सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आपला कुत्रा पट्ट्यात बांधलेला, त्याला पळता येत नाही, धड भांडता येत नाही, आणि समोरून मोकळं कुत्रं येतंय. एक काका म्हणतात डंडा घेऊन जा, दुसरे म्हणतात ऑनलाइन स्प्रे मिळतो तो मागवा, शेजारच्या काकू म्हणतात बिस्किटं टाक की शांत होतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण समोर कुठलं कुत्रं आहे त्यावर सगळं ठरतं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

म्हणून आधी ते. गल्लीतलं कुत्रं लांबूनच भुंकतंय, थोडं पुढे येतंय परत मागे जातंय, तर ते त्याची हद्द सांभाळतंय, तुम्ही हद्दीबाहेर गेलात की बहुतेक वेळा विषय संपतो. ज्याला खरं घाबरायचं ते न भुंकता, मान खाली, अंग ताठ, नजर तुमच्या कुत्र्यावर लावून सरळ रेषेत येणारं. तिसरा प्रकार टोळीचा, एक पुढून भुंकतं आणि दोन मागून येतात. चौथा प्रकार म्हणजे कोणाचंतरी घरचंच कुत्रं, गेट उघडं राहिलं म्हणून बाहेर आलेलं, आणि मालक लांबून ओरडतोय "कुछ नहीं करेगा भैया". हे चौथं मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण रस्त्यावरच्या कुत्र्यावर चालणारे अर्धे उपाय याच्यावर चालत नाहीत. उदाहरणार्थ दगड उचलल्यासारखं करणं, गल्लीतलं कुत्रं त्याला लगेच दचकतं कारण त्याने दगड खाल्लेले असतात, घरच्या लॅब्रेडॉरला किंवा रॉटवायलरला त्याचा अर्थच कळत नाही. आणि दगडाचं करताना पूर्ण वाकू नका, फक्त हात खाली न्या, तोंड कुत्र्याच्या उंचीला आणायचं नाही.

आता छत्री आणि डंडा, कारण खरी निवड या दोघांतच आहे.

डंड्याचा फायदा मान्य आहे, आपल्याकडच्या गल्लीतल्या कुत्र्यांना तो ओळखीचा असतो, नुसता जमिनीवर आपटला तरी बरीचशी मागे सरतात. पण एका हातात लीश (पट्ट्याची दोरी) आणि दुसऱ्या हातात डंडा असताना तो फिरवायला गेलात की लीशचा हातही हलतो, आपला कुत्रा ओढला जातो, गोल फिरतो, लीश पायात अडकते. आणि एकदा दात रुतले की फटका मारून सुटतीलच असं नाही, उलट कधीकधी पकड आणखी घट्ट होते. ज्या कुत्र्यांनी आधी मार खाल्लाय त्यातली काही डंडा बघूनच जास्त चवताळतात. कायद्याचंही बघा, अंगावर आलेल्याला रोखणं वेगळं आणि मागे फिरलेल्याला मारणं वेगळं. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला ठार मारलं किंवा पंगू केलं तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डंडाच घ्यायचा असेल तर हलका बांबूचा, साधारण कमरेपर्यंत येणारा घ्या आणि त्याचं टोक खाली ठेवून दोन कुत्र्यांच्या मधे आडवं धरा, मारायला म्हणून नको.

छत्री मला जास्त पटते. म्हणजे लांब, सरळ, बटण दाबलं की फटकन उघडणारी, घडीची तीन तुकड्यांची नाही, तिच्या काड्या एका धडकेत वाकतात. बंद असताना ती काठीचंच काम करते, आणि उघडली की समोरच्या कुत्र्यापुढे एकदम काहीतरी मोठं येतं, आवाज होतो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कुत्र्यांची नजरानजर तुटते. बऱ्याच मारामाऱ्या त्या रोखलेल्या नजरेनेच सुरू होतात, त्यामुळे तुमचा कुत्रा छत्रीमागे गेला की तुम्हाला मागे सरकायला वेळ मिळतो. कोणाला इजा नाही, कोणाशी वाद नाही, आणि पावसाळ्यात तर ती तशीही हातात असतेच. पण एक काम आधी घरी करावं लागतं, आपल्या कुत्र्याला छत्रीची सवय. पहिले दिवस नुसती जमिनीवर उघडी ठेवा, तो वास घेईल, खाऊ द्या, मग लांबून हळू उघडा, खाऊ, मग जवळून. हे केलं नाही तर ऐन वेळी तुमचाच कुत्रा सगळ्यात आधी घाबरून पट्ट्यातून निसटेल. छत्रीची कमजोरी पण सांगतो, ती एकाच दिशेला झाकते. टोळी असेल तर पाठीला भिंत, गेट किंवा उभी गाडी घ्या आणि पुढे छत्री धरा, रस्त्याच्या मधोमध उभं राहून उपयोग नाही.

खाऊचा उपाय लोक चुकीच्या वेळी वापरतात. भुंकणाऱ्या, जरा शंकेत असलेल्या कुत्र्याकडे मूठभर बिस्किटांचे तुकडे किंवा चणे जमिनीवर पसरून फेकले तर ते हुंगत बसतं आणि तुम्हाला वीस पावलं मिळतात. एकच मोठा तुकडा टाकू नका, तो गिळून ते परत येतं. टोळीत तर खाऊवरून त्यांचीच जुंपते आणि तुम्ही मधे सापडता. सरळ धावून येणाऱ्यावर खाऊ चालत नाही, त्याचं लक्षच तिकडे जात नाही. पण रोजच्याच गल्लीतली दोन-चार कुत्री असतील तर दुपारी आपल्या कुत्र्याशिवाय जाऊन ओळख करून घेणं, हा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे पोहे-जलेबीच्या ठेल्यापाशी बसणारी कुत्री रोजच्या माणसाला किती वेगळं वागवतात ते बघा.

स्प्रेबद्दल थोडक्यात. मिरचीचा स्प्रे कुत्र्यांसाठी घेऊ नका. मालव्यात संध्याकाळी वारा सुटतो, ते सगळं परत तुमच्या आणि तुमच्या कुत्र्याच्या डोळ्यात येणार, आणि वेदनेने चवताळून समोरचं कुत्रं जवळ जे असेल त्याला चावू शकतं. गवती चहासारख्या वासाचा सिट्रोनेला स्प्रे सौम्य असतो पण पेटलेल्या कुत्र्यावर भरवसा ठेवण्याइतका नाही. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची ती छोटी यंत्रं मिळतात ना, त्यावर पैसे घालवू नका. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि आपल्याला २०,००० पर्यंत, हे खरं आहे, पण आवाज ऐकू येणं म्हणजे घाबरून थांबणं नाही, आणि तो आवाज तुमच्या कुत्र्याला पण तेवढाच ऐकू जातो. हवेच्या भोंग्याचंही तेच, जो कुत्रा दिवाळीत पलंगाखाली बसतो त्याच्या शेजारी भोंगा वाजवून काय मिळणार?

छोटा कुत्रा असेल, पॉमेरियन, शित्झू, पग, तर हात आपोआप उचलायला जातो. उचलावं की नाही यावर दोन्ही बाजू आहेत. उचललं की समोरचं कुत्रं उडी मारतं, तुमच्या हाताला, पोटाला चावू शकतं, आणि तुम्ही पडलात तर दोघंही खाली. पण तीन किलोचा जीव वीस किलोच्या कुत्र्यापुढे जमिनीवर ठेवणंही शक्य नाही. माझ्या मते कुत्रं अजून लांब असेल तर शांतपणे उचला, त्याच्याकडे अर्धी पाठ करा आणि कोणाच्यातरी गेटच्या आत किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवा. ते अंगापर्यंत आल्यावर झटक्यात वर उचलू नका. इथे हार्नेसचा, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याचा, खरा उपयोग होतो, पाठीवर पकडायला हँडल असलेला हार्नेस घ्या, एका हाताने उचलता येतं आणि गळा आवळत नाही. नुसत्या गळपट्ट्यातून घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो. आणि ती लांब-आखूड होणारी गुंडाळीची लीश इंदूरच्या रस्त्यांवर नकोच, ऐन वेळी ती आत ओढता येत नाही आणि तिची बारीक दोरी बोटं कापते. साधी, जाड, पाच-सहा फुटांची लीश बास.

लीश सोडून द्यावी का? काही लोक सांगतात सोड, म्हणजे तो पळेल. मोकळं मैदान असेल, तुमचा कुत्रा मोठा असेल आणि खरंच जीवावर बेतलं असेल तर समजू शकतो. पण एबी रोड किंवा रिंग रोडच्या जवळ घाबरलेला कुत्रा सोडणं म्हणजे त्याला गाडीखाली पाठवणं, तिथे सोडू नका.

वेळेचं आणि रस्त्याचं महत्त्व हातातल्या वस्तूपेक्षा जास्त आहे. मे महिन्यात आपण उन्हामुळे पहाटे पाचला किंवा रात्री दहानंतर निघतो, आणि रस्ते रिकामे असल्यामुळे गल्लीतली कुत्री नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त फिरत असतात. सकाळी सहा-साडेसहाला दूधवाले, पेपरवाले, कचरागाडी सुरू झाली की ती बरीच निवळतात, तोवर थांबा. भाद्रपदाच्या सुमाराला माद्यांमागे टोळ्या असतात आणि त्यानंतर थंडीत पिल्लंवाली आई असते, ती तर जवळून जाणाऱ्या कोणालाही सोडत नाही, त्या दिवसांत रस्ता बदला. तुमची मादी माजावर असेल तर तेवढे दिवस गच्चीवर किंवा घराशेजारीच. रात्री सराफ्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत खाण्याचा वास आणि गर्दी दोन्ही असते, तिथे कुत्रा नेऊच नये. गल्लीतल्या कुत्र्यांना उचलून न्या अशी तक्रार करून फार काही हाती लागत नाही, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना बहुतेक वेळा त्याच जागी परत सोडतात. पण कानाला खाच (नसबंदी झाल्याची खूण) नसलेली कुत्री दिसली तर नसबंदीसाठी महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार नक्की टाका, त्याने टोळ्या वाढायच्या थांबतात. घरच्या मोकाट कुत्र्याच्या मालकाला मात्र न्याय संहितेचंच कलम २९१ सांगता येतं, निष्काळजीपणाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तर निवड करायची झाली तर असं. घरी आजी-आजोबा कुत्रा फिरवत असतील तर छत्री, जुना ओळखीचा रस्ता, उजाडल्यावरची वेळ, आणि मोठा ओढणारा कुत्रा असेल तर त्यांच्या हातात देऊच नका. तरुण माणूस आणि मोठा कुत्रा असेल तर छत्री किंवा हलका बांबू यातलं काहीही, पण हार्नेस हवाच. छोटा कुत्रा असेल तर छत्री आणि हँडलवाला हार्नेस, शिवाय खिशात चणे. बारा वर्षांखालच्या मुलाला एकट्याला कुत्रा घेऊन पाठवू नका, कुत्र्यांची जुंपली तर ते मूल सोडवायला मधे जाणारच.

आणि तरीही चावलं तर, सोडवताना कुठल्याच कुत्र्याच्या तोंडाजवळ किंवा गळपट्ट्याला हात घालू नका, बादलीभर पाणी किंवा जाड चादर टाका. तुम्हाला दात लागले असतील तर साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, हळद, मिरची, चुना काही लावू नका. कुत्र्याचे केस बाजूला करून सगळं अंग तपासा, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस फाटलेलं असतं, म्हणून रक्त थांबलं तरी त्याच दिवशी व्हेटकडे न्या आणि त्याच्या रेबीज लसीचं कार्ड सोबत ठेवा.